दातांच्या दवाखान्यातली सुरक्षितता आणि नियम : मराठवाड्यातल्या डॉक्टरांसाठी

मे महिन्यातली दुपार. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या मशीनचं, झाकण उघडलं आणि वरचाच हत्यारांचा पाऊच हातात घेतला. पाऊचवरच्या पट्टीचा रंग पूर्ण बदलायला हवा होता, तो अर्धाच बदललेला. खालचे दोन पाऊच तसेच, कडेला ओलसरही. मशीननं मात्र वेळ पूर्ण झाल्याची शिट्टी दिली होती आणि काटाही बरोबर जागी दिसत होता. मेकॅनिकनं मशीन खोललं, तर वाफेच्या वाटेत पांढरा, चुन्यासारखा थर. दोन आठवड्यांपूर्वी डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं आणि सहायक ताईनं "एवढ्यापुरतं" म्हणून बोअरचं पाणी भरलं होतं. पुढंही तेच भरलं जात राहिलं.

त्या दिवशीची सगळी हत्यारं परत धुतली आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून निर्जंतुक करून आणली. दुपारनंतरचे सगळे पेशंट दुसऱ्या दिवसावर ढकलले. चूक माझीच होती. पाणी कोणतं भरायचं हे मी सांगितलं होतं, पण भिंतीवर लिहिलं नव्हतं आणि रोज पाहतही नव्हतो.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. सुरक्षिततेचे नियम गार खोलीत, स्वच्छ पाण्याच्या नळाशेजारी बसून लिहिलेले असतात. आपल्याकडं बोअरचं जड पाणी, बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन आणि मधेच जाणारी वीज आहे. त्यामुळं पुस्तकातलं जसंच्या तसं केलं तर ते इथं पुरत नाही, थोडं जास्तच करावं लागतं. जालना, बीड, परभणी, धाराशिवकडं नवा दवाखाना टाकणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी जे तोंडी सांगतो, तेच इथं क्रमानं मांडतोय.

पाटी लावण्याआधीचे कागद

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, झाल्यावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती चालू ठेवावी लागते, हे विसरलं जातं. नूतनीकरणाची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर छापा, प्रमाणपत्र पेशंटला दिसेल असं लावा. दंतवैद्यकाचा मूळ कायदा १९४८ चा आहे. त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा संसदेनं २०२३ मध्ये मंजूर केला. तेव्हा परिषदेकडून येणारी परिपत्रकं न वाचता सोडू नका.

महाराष्ट्रात नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्यानं होते. एकही खाट नसलेला, फक्त ओपीडीचा दातांचा दवाखाना साधारणपणे त्यात येत नाही. पेशंट रात्रभर ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा मात्र दवाखान्यालाही लागू आहे. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना देऊन काम भागतं, वीस किंवा जास्त असतील तर रीतसर नोंदणी करावी लागते (२०२५ च्या बदलाआधी हा आकडा दहा होता). पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही अट छोट्या आस्थापनांनाही आहे. व्यवसाय कराचं काम तुमच्या सीएकडं सोपवा.

खरे महत्त्वाचे कागद दोन : प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि एक्स-रेचा. दोन्हींबद्दल पुढं सविस्तर लिहिलंय. खुर्ची बसवायच्या आधीच या दोन्हींचे अर्ज भरा. एकदा पेशंट सुरू झाले की अर्ज मागं पडतो, हा जवळपास सगळ्यांचा अनुभव आहे.

पाणी

मराठवाड्यात निर्जंतुकीकरणाची सुरुवात पाण्याच्या टाकीपासून होते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कितीतरी दवाखान्यांत टँकरचंच पाणी खुर्चीच्या नळीतून पेशंटच्या तोंडात जात होतं. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, त्यात क्लोरीन टाकलंय का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खुर्चीच्या आतल्या नळ्या अगदी बारीक असतात. रात्रभर पाणी त्यांत थांबतं आणि नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. हँडपीस (दात कोरायचं, हातात धरायचं यंत्र) सुरू केला की त्यातलेच जंतू फवाऱ्यासोबत बाहेर पडतात. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाईंचा लिजिओनेला जंतूच्या न्यूमोनियानं मृत्यू झाला. तो जंतू त्यांच्या दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाण्यातून आल्याचं तपासात निघालं. ठणठणीत तरुणाला असलं पाणी बाधत नाही. आपल्याकडं येणारे निम्मे पेशंट साखरेचे किंवा वयस्कर असतात, हे लक्षात ठेवा. साध्या कामासाठीच्या पाण्यात प्रति मिलिलिटर ५०० पेक्षा जास्त जंतू नकोत, हे सर्वसाधारण मानलेलं प्रमाण आहे.

काय करायचं ते असं. खुर्चीला टाकीचं थेट कनेक्शन ठेवू नका, बाटलीची स्वतंत्र सोय असलेली खुर्ची घ्या. जुन्या खुर्चीलाही बहुतेक वेळा बाटली बसवता येते, मेकॅनिकला विचारा. बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी भरा. सकाळी पहिल्या पेशंटआधी प्रत्येक नळीतून दोन मिनिटं पाणी सोडा, दोन पेशंटच्या मध्ये वीस-तीस सेकंद. संध्याकाळी बाटली रिकामी करून उलटी ठेवा आणि नळ्यांतून नुसती हवा सोडून त्या कोरड्या करा. आठवड्यातून एकदा खुर्ची बनवणाऱ्यांनी सांगितलेलं जंतुनाशक नळीतून फिरवा. दाढ कापून काढणं, हाड घासणं, इम्प्लांट अशा कामांना खुर्चीचं पाणी वापरायचंच नाही. तिथं निर्जंतुक सलाईन आणि सिरिंज.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा. पावसाळ्यात त्यातून निघणारं गढूळ पाणी एकदा पांढऱ्या वाटीत घेऊन सहायकाला दाखवा. नंतर सांगावं लागत नाही.

ऑटोक्लेव्हमध्ये डिस्टिल्ड वॉटरच. आरओचं पाणी पिण्यासाठी चांगलं असतं, त्यात क्षार उरतातच. पाच लिटरचे दोन कॅन कायम शिल्लक ठेवा आणि एक फुटला की लगेच दुसरा मागवा. झाकणाच्या रबरावर पांढरे डाग दिसू लागले की पाण्यात गडबड आहे, असं समजा.

हत्याराचा प्रवास : पेशंटच्या तोंडातून परत पेशंटच्या तोंडात

हाडाला, रक्ताला लागणारं प्रत्येक हत्यार निर्जंतुकच हवं : दात काढायचे फोर्सेप आणि एलिव्हेटर, दात साफ करायच्या स्केलरची टोकं, रूट कॅनलच्या फाईली, कोरायचे बर. आरसा, ट्रे, हँडपीस यांसारख्या फक्त लाळेला आणि तोंडाच्या आतल्या कातडीला लागणाऱ्या वस्तूही वाफेत टिकत असतील तर ऑटोक्लेव्हमध्येच घाला. खुर्चीचं हँडल, दिव्याचा दांडा, एक्स-रेचं बटण यांना पुसणं आणि वरून प्लास्टिकचं आवरण चालतं.

हँडपीसबद्दल मी कुणाशीच तडजोड करत नाही. स्पिरिटनं पुसून पुढच्या पेशंटला लावलेला हँडपीस आजही बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो थांबला की आतली पोकळी रक्त आणि लाळ मागं ओढून घेते, बाहेरून पुसल्यानं आतलं काहीच जात नाही. प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस अर्धा मिनिट पाण्या-हवेसह चालवा, काढा, पुसा, तेल द्या, पाऊचमध्ये घाला आणि ऑटोक्लेव्ह करा. म्हणजे एका खुर्चीमागं किमान चार-पाच हँडपीस हवेत. खर्च आहे, मान्य. पण खुर्चीवर खर्च करणाऱ्यानं हँडपीसवर हात आखडू नये.

धुण्याचा क्रम साधा आहे, पण प्रत्येक टप्प्याला जागा वेगळी हवी. वापरलेलं हत्यार लगेच पाण्यात, एन्झाइमच्या द्रावणात भिजवा. वाळलेलं रक्त पुढं कशानंच नीट निघत नाही. जाड रबरी हातमोजे, ॲप्रन आणि चष्मा घालून, लांब दांड्याच्या ब्रशनं, पाण्याखाली धरून घासा. अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर उत्तम, हातानं घासण्यात सुई टोचण्याचा जो धोका असतो तो टळतो. मग धुणं, पूर्ण कोरडं करणं, पाऊच, त्यावर तारीख आणि लोडचा, म्हणजे एका वेळी मशीनमध्ये घातलेल्या खेपेचा, क्रमांक. खोली लहान असली तरी घाण बाजू डावीकडं आणि स्वच्छ बाजू उजवीकडं, असं ठरवून ओट्यावर रंगीत पट्टी चिकटवा. माझ्याकडं सगळा ओटा जेमतेम सहा फुटांचा आहे, तरी हे जमतं.

पाऊच ऑटोक्लेव्हमध्ये ठासून भरू नका, उभे ठेवा, कागदाची बाजू प्लास्टिकच्या बाजूकडं. १२१ अंशाला १५ पौंड दाबावर पाऊचमधल्या हत्यारांना साध्या मशीनमध्ये अर्धा तास द्या. १३४ अंशाच्या व्हॅक्यूम मशीनला तीन-चार मिनिटं पुरतात, पण ती वेळ तापमान गाठल्यानंतरची. पोकळ वस्तूंमधली हवा साध्या मशीनमधून पूर्ण निघत नाही. हँडपीससाठी व्हॅक्यूम असलेलं क्लास बी मशीन घेता आलं तर तेच घ्या. वाळवण्याची वेळ कधीही कापू नका. ओला पाऊच निर्जंतुक धरायचा नाही, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात.

वीज मधेच गेली तर तो लोड पहिल्यापासून. "वीस मिनिटं झाली होती, दहाच राहिली" असा हिशेब नाही. आमच्याकडं लोडशेडिंगचं वेळापत्रक ऑटोक्लेव्हशेजारीच चिकटवलेलं आहे आणि लोड त्याप्रमाणं लावतो. स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग नसेल तर मशीन, खुर्ची आणि माणूस तिन्ही धोक्यात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहावं लागतं, जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं.

मशीन चाललं म्हणजे निर्जंतुक झालं, असं नाही. माझ्या मे महिन्याच्या दुपारनं ते शिकवलं. म्हणून तीन तपासण्या : प्रत्येक लोडचं तापमान, दाब आणि वेळ वहीत, प्रत्येक पाऊचला रासायनिक पट्टी, आणि आठवड्यातून एकदा बीजाणूंची चाचणी. त्यात जिओबॅसिलस नावाच्या, उष्णतेला सहज न मरणाऱ्या जंतूचे बीजाणू असलेली कुपी लोडमध्ये ठेवतात आणि नंतर उबवून बघतात. जंतू वाढला तर मशीन नापास. व्हॅक्यूमच्या मशीनला हवा पूर्ण निघते का हे बघणारी बोवी-डिक चाचणीही रोज सकाळी करतात.

ग्लुटारल्डिहाइडच्या डब्यात बुडवून काढलेली हत्यारं निर्जंतुक नसतात. दोन टक्क्यांच्या द्रावणात वीस मिनिटांत बरेच जंतू मरतात, बीजाणू मरायला दहा तास लागतात. शिवाय त्याची वाफ सहायकाच्या डोळ्यांना आणि फुफ्फुसाला त्रास देते. हत्यार वाफेत टिकत असेल तर तो डबा लागतच नाही. उकळत्या पाण्याचा स्टीलचा डबा तर आजोबांच्या काळातला. तो घरी न्या.

कचरा

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका खुर्चीच्या दवाखान्यालाही पूर्ण लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर नमुना २ मध्ये अर्ज करायचा. खाटा नसलेल्या दवाखान्याला ही परवानगी एकदाच घ्यावी लागते. पूर्ण भरलेल्या अर्जावर नव्वद दिवसांत हरकत आली नाही तर ती मिळाली असं धरलं जातं, पण अर्ज केल्याची पावती जपून ठेवा. त्याआधी तुमच्या भागातल्या सामायिक कचरा प्रक्रिया केंद्राशी करार करा. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर स्वतःची भट्टी किंवा खड्डा काढण्याची परवानगी नाही.

रंग कुणालाही पाठ असतात. गोंधळ होतो तो दातांच्याच खास वस्तूंमध्ये. रक्ताचा कापूस, गॉज, वापरलेले मास्क, मुदत संपलेली औषधं, काढलेला दात आणि हिरडीचा तुकडा पिवळ्या पिशवीत. हातमोजे, सक्शनच्या नळ्या, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड, तुटलेल्या फाईली, बर, ऑर्थोच्या (दात सरळ करायच्या) तारांचे तुकडे पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. भुलेच्या काचेच्या रिकाम्या बाटल्या निळ्यात. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, हातानं दाबून जागा करायची नाही. पिशव्या क्लोरीनविरहित प्लास्टिकच्या आणि बारकोड असलेल्या हव्यात.

आता काढलेल्या दाताबद्दल नीट वाचा. दातात चांदीची भरणी असेल तर तो पिवळ्या पिशवीत टाकायचा नाही. पिवळी पिशवी भट्टीत जळते आणि भरणीतला पारा वाफ होऊन हवेत जातो. असा दात आणि भरणीचे उरलेले तुकडे हवाबंद डब्यात पाण्याखाली ठेवा, वर "पारा" असं लिहा आणि पारा परत काढणाऱ्या अधिकृत संस्थेकडंच द्या. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून आहे. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना चांदीची भरणी टाळायची, असं त्या करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं. मी स्वतः ती भरणी बंद केली आहे, पण जुन्या भरण्या उकरताना पारा निघतोच. तेव्हा भरपूर पाणी, जोरदार सक्शन आणि उघडी खिडकी. एक्स-रे फिल्ममधली शिशाची पत्रीही वेगळी ठेवा.

पिवळ्या पिशवीतला कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. एका पावसाळ्यात चार दिवस गाडीच आली नाही. फोन उचलला गेला नाही आणि वासानं मागच्या घरातल्या आजी तक्रार घेऊन आल्या. तेव्हापासून आमच्याकडं कुलूपाची वेगळी पेटी आहे, गाडी चुकली की त्याच दिवशी केंद्राला लेखी कळवतो आणि अठ्ठेचाळीस तास उलटणार असं दिसलं की मंडळाला कारणासह ईमेल करतो. नियमातही तसंच सांगितलंय. नगरपालिकेच्या घंटागाडीत लाल-पिवळी पिशवी कधीच जायला नको. ती पिशवी पुढं हातानं वेगळी करणाऱ्या बाईचा विचार करा.

थुंकण्याच्या भांड्यातलं पाणी आणि सक्शनची बाटली एक ते दोन टक्के सोडियम हायपोक्लोराइटनं निर्जंतुक करूनच सोडायची. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर एका भागाला चार भाग पाणी. हे द्रावण उन्हानं, उजेडानं फार लवकर मरतं. म्हणून रोज ताजं करा आणि काळ्या बाटलीत ठेवा.

दर वर्षी ३० जूनच्या आत मागच्या कॅलेंडर वर्षाचा अहवाल नमुना ४ मध्ये मंडळाकडं जायला हवा. त्यासाठी रोजच्या वजनाची वही लागते. जूनमध्ये बसून अंदाजानं वर्षभराचे आकडे भरणं चूक आहे आणि वही बघणाऱ्या माणसाला ते ओळखू येतं.

सुई टोचली तर

एका सोमवारी आमच्या सहायक ताईच्या अंगठ्याला भुलेची सुई टोचली. पेशंट खुर्चीतच होता. ताई घाबरून अंगठा दाबू लागली, रक्त बाहेर काढायला. मी तिचा हात धरून नळाखाली नेला. दाबायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही, फक्त साबण आणि वाहतं पाणी. हातमोजा काढताना तिचे हात थरथरत होते. "डॉक्टर, मला लहान लेकरू आहे," एवढंच ती म्हणाली.

पेशंटला सगळं खरं सांगितलं आणि रक्त तपासायची परवानगी मागितली. त्यांनी दिली. परवानगीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात तसं स्पष्ट आहे. त्याच कायद्यानं संसर्ग असलेल्या पेशंटला उपचार नाकारणंही बेकायदेशीर ठरतं. कामाच्या जागी सुरक्षिततेची साधनं पुरवणं मालकावर बंधनकारक आहे, म्हणजे आपल्यावर. ताईला घेऊन तासाभरात जिल्हा रुग्णालयात पोहोचलो. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, आणि गरज असेल तर अठ्ठावीस दिवस घ्यायचं असतं. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. ताईची तपासणी तरी ठरलेल्या तारखांना पूर्ण केली.

दूषित सुईनं संसर्ग होण्याची शक्यता एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के, हेपॅटायटिस-सीची १.८ टक्क्यांच्या आसपास आणि लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस-बीची ६ ते ३० टक्के. सगळ्यांत मोठा धोका ज्याचा, त्याचीच लस उपलब्ध आहे. पहिल्या दिवशी, एका महिन्यानं आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासा, आकडा १० च्या वर हवा. कचऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ही लस आणि धनुर्वाताची लस देणं मालकाचं काम आहे. झाडलोट करणाऱ्या मावशीही त्यात आल्या, आणि खर्च दवाखान्याचा.

आज आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत जिल्हा रुग्णालयाच्या केंद्राचा फोन, तिथं पोहोचायला लागणारा वेळ आणि रात्री कुठं जायचं हे लिहिलंय. तुमच्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असेल, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय असेल, लातूर किंवा नांदेडचं शासकीय महाविद्यालय असेल. आधीच जाऊन खिडकी कुठं आहे ते बघून या. सुईला टोपण दोन्ही हातांनी लावायचं नाही. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एका हातानं त्यात सुई सरकवा. ज्यानं सुई वापरली, त्यानंच ती नष्ट करायची, म्हणजे डॉक्टरनं. असा प्रत्येक प्रसंग वहीत लिहा, वार्षिक अहवालात तो द्यावा लागतो.

एक्स-रे

दाताचा छोटा एक्स-रे असो, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) असो की सीबीसीटी (जबड्याचं त्रिमितीय स्कॅन), अणुऊर्जा नियामक परिषदेचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो. ही संस्था १९८३ ची, मुंबईतली. अर्ज त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर. आधी मशीन आणि मग परवाना, असा उलटा क्रम करू नका. विक्रेत्याकडून त्या मॉडेलच्या मान्यतेचा कागद मागा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, कॅमेऱ्यासारखी हातात धरायची मशीनं मान्यता नसेल तर घेऊच नका.

एका एक्स-रेचा डोस अगदी थोडा असतो, पेशंटला तसं सांगून धीर द्या. पण आपण दिवसाला दहा-पंधरा वेळा बटण दाबतो. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला एक. मशीनपासून किमान दोन मीटर दूर, किरणांच्या वाटेच्या बाजूला किंवा मागं उभं राहा. बटणाची वायर तेवढी लांब हवी. सेन्सर किंवा फिल्म पेशंटच्या तोंडात डॉक्टरनं किंवा सहायकानं बोटानं धरायची नाही. होल्डर वापरा, नाहीतर पेशंटनंच धरायची. लेकरू ऐकत नसेल तर घरच्या माणसाला शिशाचा ॲप्रन घालून उभं करा, मात्र बाई गरोदर नाही ना हे आधी विचारा. "गरोदर असाल तर आधी सांगा" ही पाटी मराठीत आणि उर्दूत लावा.

ॲप्रन हँगरवर टांगा. घडी घातली की आतल्या शिशाला चिरा पडतात आणि बाहेरून दिसत नाहीत. मशीनची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी अधिकृत संस्थेकडून करून तिचा रिपोर्ट ई-लोरावर चढवा.

ऊन, औषधं आणि अचानक येणारी वेळ

भुलेच्या बाटलीवर "२५ अंशांखाली ठेवा" असं लिहिलेलं असतं. रविवारी बंद दवाखान्यात, पत्र्याखाली, एप्रिल-मेमध्ये आत किती तापमान होतं ते थर्मामीटर ठेवून एकदा बघा. उष्णतेनं भुलेतलं ॲड्रेनलिन खराब होतं, भूल लवकर उतरते आणि डॉक्टर दुसरी-तिसरी बाटली टोचत राहतो. दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनमध्ये एका मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम औषध. ॲड्रेनलिनसह जास्तीत जास्त सात मिलिग्रॅम प्रति किलो आणि कुणालाही पाचशेच्या वर नाही. वीस किलोच्या लेकराला म्हणजे सातच मिलिलिटर, आणि तीही कमाल मर्यादा, नेहमीचा डोस नव्हे. लेकराचं वजन खुर्चीत बसवण्याआधी काट्यावर घ्या.

औषधांसाठी वेगळा छोटा फ्रिज ठेवा. आत थर्मामीटर, बाहेर तापमानाची चिठ्ठी, आणि त्यात डबे किंवा पाण्याच्या बाटल्या नकोत. उन्हाळ्यात पार्सलनं आलेलं औषध उतरलं की लगेच हात लावून बघा. गरम लागलं तर परत.

दाढ काढण्याआधी रक्तदाब आणि साखर बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. उपाशी पोटी, पहाटेच्या बसनं गावाहून आलेला माणूस भूल देताच चक्कर येऊन पडतो. आधी बिस्कीट-चहा द्या. तातडीच्या पेटीत ऑक्सिजन, श्वास देण्याची ॲम्बू बॅग, ॲड्रेनलिन, ॲस्पिरिन, सॉर्बिट्रेट, साल्ब्युटामॉलचा इनहेलर, ग्लुकोज, ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन असावं. ॲलर्जीचा जोरदार झटका आला तर मोठ्या माणसाला १:१००० ॲड्रेनलिन अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. हे आधी, बाकी सगळं नंतर. मग १०८. तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांनी मिळून सराव करा. आमच्या पहिल्या सरावात ऑक्सिजनच्या सिलिंडरची किल्लीच सापडली नव्हती.

संमती आणि नोंदी

सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं की पेशंटला समजेल अशा पद्धतीनं उपचार, त्याचे धोके आणि दुसरे पर्याय सांगून घेतलेली संमतीच खरी. आपल्याकडं देगलूर-किनवटला तेलुगू बोलणारे येतात, तांड्यावरून गोरमाटी बोलणाऱ्या बाया येतात, शहरात उर्दू बोलणारे येतात. छापील इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. मराठी फॉर्म वाचून दाखवा, त्यांच्या भाषेत समजावणाऱ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या आणि "मला काय समजलं" हे पेशंटच्याच तोंडून ऐका. अठरा वर्षांखाली पालकाची सही.

नोंदी किमान तीन वर्षं ठेवायच्याच. ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते, पण रूट कॅनलचा दात सहाव्या वर्षीही दुखतो, म्हणून मी दहा वर्षं ठेवतो. आधीचा-नंतरचा फोटो स्टेटसला टाकायचा असेल तर त्याची वेगळी लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर तर यात कसूर नकोच.

शिबिरात

नाथषष्ठीला पैठणला, माळेगावच्या जत्रेत किंवा ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर शिबिर घेतलं तरी नियम तिथं सैल होत नाहीत. कचऱ्याचे नियम शिबिरालाही लागू आहेत. जेवढे निर्जंतुक पाऊच नेले तेवढ्याच दाढा काढायच्या. सुयांचा पांढरा डबा, बाकी तिन्ही रंगांच्या पिशव्या आणि हात धुण्याचं पाणी सोबत न्यायचं आणि कचरा परत दवाखान्यात आणून नोंद करायची. खेड्यात टाकून यायचा नाही.

एका वस्तीवर आमचे बारा पाऊच दुपारी दोनला संपले. तेराव्या क्रमांकाला एक बाई होत्या, गाल सुजलेला, दोन रात्री झोप नाही. सोबतचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तेवढं गरम पाण्यात धुऊन घ्या की, आम्हाला चालतंय." त्यांना ताप नव्हता, तोंड नीट उघडत होतं आणि गिळायला त्रास नव्हता. ॲलर्जी विचारून गोळ्या दिल्या आणि सूज वाढली तर रात्रीच फोन करा म्हणून नंबर दिला. मुकादमाशी बोलून बाईंची एका दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे पक्कं केलं. मंगळवारी सकाळी त्या दवाखान्यात आल्या. खालची अक्कलदाढ होती. पाऊच त्यांच्यासमोरच फोडला, आधी पट्टीचा रंग दाखवला.